सावित्रीच्या काठाने : सहल, समुद्र आणि वाटाड्या

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय उघडले की सूचनाफलकावर एक कागद हमखास लागतो. तो म्हणजे वार्षिक सहलीचा. त्याच्याभोवती जेवढी गर्दी होते तेवढी परीक्षेच्या वेळापत्रकाभोवतीही होत नाही. नावे नोंदविली जातात, घरून परवानगीची पत्रे येतात आणि एका रात्री राजापेठच्या चौकातून गाडी बडनेऱ्याच्या दिशेने निघते. पुढच्या चार-पाच दिवसांत आठ-दहा ठिकाणे 'उरकली' जातात. गडाच्या पायथ्याशी गाडी थांबते, दोन तासांत वर जाऊन खाली यायचे असते. समुद्रावर संध्याकाळी पोचतो, तेव्हा अंधार पडत आलेला असतो. तरी सगळे पाण्यात धावतात. परत आल्यावर फोटो भरपूर असतात आणि घसे बसलेले असतात.

अशा सहलीस नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. मैत्री जुळण्यास तीही उपयोगी पडते. परंतु परत आलेल्या एखाद्या विद्यार्थ्यास सहज विचारून पाहावे : तुम्ही पोचलात तेव्हा समुद्र भरत होता की ओसरत होता? गडावरच्या टाक्यात उन्हाळ्यात पाणी कोठून येते? ज्या गावात जेवलात त्या गावाचे पोट कशावर चालते? या प्रश्नांना बहुधा उत्तर मिळत नाही. आणि यांतला पहिला प्रश्न तर नुसता ज्ञानाचा नाही, जिवाचा आहे.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. ती त्यांची सहलच होती. ते आपल्यासारखेच होते, आपल्याच वयाचे होते. अशी बातमी आली की घरोघरी एकच निष्कर्ष निघतो, तो म्हणजे 'समुद्राची सहल नकोच.' हा निष्कर्ष मायेपोटी निघतो हे खरे; पण तो बरोबर आहे काय? समुद्र व डोंगर यांचे काही नियम आहेत, ते तेथील माणसांस पिढ्यानपिढ्या ठाऊक आहेत, आणि ते आपणांस शिकता येतात. म्हणून सहल बंद करणे हा उपाय नव्हे. तिच्यात एका माणसाची भर घालणे हा उपाय होय. तो माणूस म्हणजे स्थानिक वाटाड्या. त्याचे महत्त्व कोकणातील एकाच नदीच्या आधाराने समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

एक नदी, दोन जगे

ती नदी म्हणजे सावित्री. महाबळेश्वरास पाच नद्या उगम पावतात असे मानतात. त्यांपैकी कृष्णा पूर्वेकडे वळते आणि जवळजवळ चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या शेजारीच उगम पावणारी सावित्री मात्र पश्चिमेच्या कड्यावरून खाली उतरते, पोलादपूर व महाडवरून जाते आणि हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या मधल्या खाडीतून अरबी समुद्रात शिरते. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर आहे, आणि तेथून हरिहरेश्वरचा समुद्र सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आत आहे. अमरावतीहून चिखलदरा पक्ष्याच्या वाटेने मोजले तर साधारण तेवढेच भरते. एवढ्या थोड्या अंतरात ढगांत बुडालेला कडा, गर्द रान, भातखाचरे, खाडी आणि उघडा समुद्र असे सगळे येते.

वऱ्हाडच्या माणसास हा प्रदेश अगदी परका नाही. गाविलगडच्या डोंगराचा काळा खडक आणि सह्याद्रीचा काळा खडक हे एकाच लाव्ह्याचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हापुन्हा बाहेर आला, त्याचे थरावर थर बसले, आणि त्यांतून दख्खनचे पठार तयार झाले. आपले पाणीही शेवटी त्याच समुद्रास जाते. अमरावतीजवळची पेढी पूर्णेस मिळते, पूर्णा तापीस, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास. फरक आहे तो पावसाचा. अमरावतीस वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याहून जास्त महाबळेश्वरी एकट्या जुलै महिन्यात पडतो. आणि दुसरा फरक आहे समुद्राचा. आपल्याकडे पोहणे म्हणजे विहिरीतले, नाही तर धरणातले. ज्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले, त्या गावास व्यायामाचे महत्त्व कोणी सांगावयास नको. येथे सूर मारणारे आणि तासन्‌तास पोहणारे तरुण पुष्कळ आहेत. परंतु विहिरीचे पाणी जागचे हलत नाही. समुद्राचे पाणी कायम हलत असते. विहिरीत मिळविलेला आत्मविश्वास किनाऱ्यावर घातक ठरतो तो याच कारणाने.

पंचांगातील भरती

भरती व ओहोटी चंद्राच्या आकर्षणाने होतात हे आपण शाळेत शिकलो. चंद्राकडील बाजूचे पाणी त्याच्याकडे ओढले जाते, तर पलीकडच्या बाजूस ओढ कमी पडल्याने तेथेही फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून एकाच किनाऱ्यास दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. मधल्या काळात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे हे चक्र २४ तासांत पूर्ण न होता सुमारे २४ तास ५० मिनिटांत होते. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. काल संध्याकाळी जेथे वाळू होती तेथे आज त्याच वेळी पाणी असू शकते. कालचा अनुभव आज जसाच्या तसा उपयोगी पडत नाही, ही गोष्ट नवख्या माणसाच्या ध्यानात येत नाही.

कोकणातील कोळी व शेतकरी यांच्याजवळ यासाठी एक सुरेख हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पूर्ण भरती. अष्टमीस सहा. पौर्णिमेस किंवा अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजावयाचे. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. घड्याळ आणि पंचांग एवढ्या दोनच साधनांवर हा हिशेब चालतो. तो बरोबर का येतो, तेही पाहण्यासारखे आहे. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी सरकते, म्हणजे एका तिथीस चार पंचमांश तास पडतो. पाऊण तास ही त्याचीच तोंडी करावयास सोपी अशी जवळची किंमत होय. किनाऱ्यागणिक यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून शेवटचा शब्द तेथील माणसाचाच घ्यावा. परंतु अमरावतीत बसून सहलीचा दिवस ठरविण्यास हा नियम पुरेसा आहे.

भरतीची वेळ बदलते तसा तिचा जोरही बदलतो. अमावास्या व पौर्णिमा या दिवशी सूर्य व चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि पाणी फार चढते व फार उतरते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असल्याने चढउतार कमी असतो. त्यास भांगाची भरती म्हणतात. मुंबईकडे उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी चार-साडेचार मीटरपर्यंत बदलते. दोन माणसे एकावर एक उभी राहिली तरी बुडतील एवढा हा फरक, आणि तो सहा तासांत पडतो!

आता हा हिशेब प्रत्यक्ष लावून पाहू. हरिहरेश्वरास देवळामागून डोंगराच्या पायथ्याने, समुद्राच्या अगदी कडेने प्रदक्षिणेचा मार्ग आहे. लाटांनी कोरलेला खडक, त्यात पडलेली जाळी, घळी असे सारे तेथे पाहावयास मिळते. हा मार्ग ओहोटीस मोकळा होतो आणि भरतीस पाण्याखाली जातो. आपण माघी पौर्णिमेस तेथे पोचलो आणि सकाळी चहा-नाश्ता आटोपून दहा वाजता प्रदक्षिणेस निघालो तर काय होईल? पूर्ण भरती साडेअकराच्या आसपास, आणि तीही उधाणाची. म्हणजे अर्ध्या वाटेत असताना पुढे पाणी, मागे पाणी आणि बाजूस उभा कडा. तीच प्रदक्षिणा त्याच दिवशी दुपारी साडेचारला केली तर ती आनंदाची आणि ज्ञानाची होते. स्थळ तेच, विद्यार्थी तेच. फरक केवळ वेळेचा आहे, आणि ही वेळ बसचालकाच्या वहीत नसते, ती वाटाड्याच्या डोक्यात असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीस पायी जाता येते, तेथेही हाच न्याय.

शांत दिसणारे पाणी

भरतीहून दुसरा धोका अधिक फसवा आहे, तो म्हणजे आत नेणाऱ्या ओढीचा. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत समुद्रात जावयास हवे. ते सगळीकडून सारखे परत जात नाही. वाळूत जेथे खोलगट घळ पडलेली असते तेथून ते जोराने एका पट्ट्यातून आत जाते. वरून पाहिले तर या पट्ट्यात लाटा कमी फुटताना दिसतात, पाणी काहीसे गढूळ पण शांत वाटते. नवखा माणूस हीच जागा सुरक्षित समजून तेथे उतरतो. कमरेएवढ्या पाण्यात उभा असताना पायाखालची वाळू सरकते आणि क्षणात तो आत ओढला जातो. मग तो किनाऱ्याकडे तोंड करून, सारा जोर लावून पोहू लागतो. तो समोरून येणाऱ्या प्रवाहाशी झुंजत असतो. थोड्याच वेळात दम संपतो. त्यास वाचविण्यासाठी मित्र हात धरून उडी घेतात आणि एकाचे चार होतात.

अशा वेळी करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. घाबरून हातपाय झाडू नयेत, पाठीवर तरंगत राहावे. प्रवाहाशी झगडू नये. हा पट्टा रुंदीस फार नसतो, म्हणून किनाऱ्याशी समांतर असे बाजूस पोहत जावे आणि ओढ संपली की मगच किनाऱ्याकडे वळावे. काठावरच्यांनी पाण्यात उड्या न घेता दोर, रिकामा प्लास्टिकचा डबा, ट्यूब असे तरंगणारे काही फेकावे व गावकऱ्यांस हाक द्यावी. पण याहून सोपी गोष्ट म्हणजे, कोठे उतरावयाचे हे आधी विचारणे. किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावात ती जागा दाखविणारा माणूस सापडतो. त्यास विचारण्यात कमीपणा वाटतो, आणि सगळे अडते ते तेथेच.

समुद्र पावसाळ्यात कोणाचाच नसतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते. माशांच्या विणीचाही हाच काळ. नारळी पौर्णिमेस नारळ वाहून मगच कोळी आपल्या होड्या लोटत आले आहेत. ज्यांचा जन्म पाण्यावर गेला ते जेव्हा समुद्रास दोन महिने नमस्कार करून बाजूस बसतात, तेव्हा पर्यटकाने त्यात उतरण्याचा हट्ट कशाच्या बळावर धरावा?

वाटाडे झालेली गावे

बागमांडल्याहून तरीने खाडी ओलांडली की आपण रायगड जिल्ह्यातून रत्नागिरी जिल्ह्यात येतो. तेथून थोड्या अंतरावर मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ते नाना फडणविसांचे गाव म्हणून ठाऊक असेल. आज ते ओळखले जाते कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात रात्री वाळूवर येतात, खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. एके काळी ही अंडी उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित पुरण्याचे काम सुरू केले. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात. ती सकाळ-संध्याकाळ लोकांसमक्ष समुद्रात सोडली जातात. २००६ पासून येथे कासव महोत्सव भरू लागला.

या गोष्टीतील मर्म नीट पाहिले पाहिजे. पाहुणे येतात, गावातल्याच घरांत उतरतात, घरचेच जेवण जेवतात. त्यामुळे अंड्याची किंमत खाण्यापेक्षा राखण्यात अधिक झाली. पूर्वी ज्यांच्या वाडवडिलांस घरटे कोठे आहे हे अंडी काढण्यासाठी कळत असे, त्यांचेच ते ज्ञान आता घरटे राखण्यासाठी व पाहुण्यांस समजावून देण्यासाठी कामास आले. ज्ञान जुनेच राहिले, उपयोग मात्र पालटला. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते, अधिक उष्ण वाळूत माद्या अधिक होतात, ही गोष्ट प्राणिशास्त्राच्या पुस्तकात वाचणे निराळे आणि कुंपणातली वाळू हातात घेऊन ऐकणे निराळे.

असेच दुसरे उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्याचे. तेथील मांडवी खाडीत 'स्वामिनी' या बचतगटातील महिलांनी २०१७ मध्ये कांदळवनाची सफर सुरू केली. होडी त्याच वल्हवितात आणि झाडांची नावेही त्याच सांगतात. खाऱ्या चिखलात मुळांस हवा मिळत नाही, म्हणून काही झाडांची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात, माशांची व खेकड्यांची पिल्ले त्या मुळांच्या आश्रयाने वाढतात, हे त्या दाखवितात. मासे आणि खेकडे यांच्यावर ज्यांचे घर चालते त्या बायकांच्या तोंडून कांदळवनाचे महत्त्व ऐकले म्हणजे ते पाठ करावे लागत नाही. आणखी एक उदाहरण रत्नागिरीच्या सड्यांवरील कातळशिल्पांचे. जांभ्या दगडावर कोरलेली ही प्रचंड चित्रे २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. उघड्या सड्यावर तुम्ही एकटे गेलात तर हत्तीच्या पाठीवर उभे असूनही तो दिसणार नाही. कोणत्या वेळी, कोणत्या बाजूने, उन्हाच्या कोणत्या तिरपेने पाहावे हे सांगणारा शेजारी असावा लागतो.

कड्यावरची वाट

आता सावित्रीच्या उलट दिशेने वर जाऊ. महाड हे एके काळी बंदर होते, इतके खाडीचे पाणी आत येते. याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सत्याग्रह केला. सहलीच्या यादीत हे तळे नसेल तर ती सहल शैक्षणिक कशी म्हणावी? महाडच्या वर रायगड, आणि पायथ्याशी पाचाडला जिजाबाईंची समाधी. रायगडाभोवतीच्या काळ व गांधारी या नद्या सावित्रीसच मिळतात. हा रायगड आणि समुद्रातील खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे मराठ्यांच्या १२ किल्ल्यांच्या समूहातून जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरले. डोंगर आणि समुद्र मिळून एकच संरक्षण, ही शिवाजी महाराजांची दृष्टी सावित्रीच्या खोऱ्यात उभे राहिले की नकाशाशिवाय समजते.

सह्याद्रीची रचना पायऱ्यांसारखी आहे. लाव्ह्याचा कठीण थर उभा कडा होऊन राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. पूर्वेकडून डोंगर हळूहळू चढतो, पश्चिमेकडे एकदम तुटतो. कोकणातून वर येणाऱ्या जुन्या घाटवाटा या तुटलेल्या कड्यांतील फटी शोधून काढलेल्या आहेत. कोठे दोन कड्यांमधली नाळ, कोठे खाली उतरलेली सोंड. या वाटा नकाशावर एका रेषेच्या दिसतात. प्रत्यक्षात तेथे दहा वाटा फुटलेल्या असतात. त्यांतील बऱ्याच ढोरवाटा असतात. गुरे चरत चरत कड्याच्या टोकापर्यंत जातात आणि वळून येतात. नवखा माणूस त्याच वाटेने जातो आणि टोकावर अडकतो. ढोरवाट व माणसाची वाट यांतील फरक धनगर, कातकरी किंवा महादेव कोळी वाटाड्यास एका दृष्टीत कळतो. त्यास कड्यातील टाके कोठे आहे, कोणत्या टाक्याचे पाणी प्यावे, आग्या मोहोळे कोणत्या कड्यास लागली आहेत हेही ठाऊक असते. मोहोळाखाली विडी ओढणे, शेकोटी करणे, आरडाओरड करणे वा अत्तरे लावून जाणे म्हणजे संकटास बोलावणे होय.

पावसाळ्यात तर डोंगराचे रूपच पालटते. धबधब्याखाली उन असते, पाणी गुडघ्याएवढे असते, आणि वर डोंगरात कोसळलेला पाऊस खाली दिसत नाही. काही मिनिटांत लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाहून गेले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या पाण्यात गेल्या. वरून पूर आणि खालून समुद्राची भरती एकाच वेळी आली म्हणजे पाण्यास ओसरावयास जागा राहत नाही. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात पालापाचोळा येणे, वरून घरघर ऐकू येणे या खुणा दिसताच प्रवाहातून बाहेर पडून उंच जागी जावे. पण त्याही आधी, आज ओढ्यात उतरू नका, असे वाटाड्याने म्हटले की उतरू नये. त्याचे 'नाही' ऐकावयाचे नसेल तर त्यास बरोबर नेण्यास अर्थ नाही.

वाटाडा कसा निवडावा

येथे एक शंका निघेल. वाटाड्याच्या नावाखाली फसविणारेही असतात, त्यांचे काय? शंका रास्त आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीस समुद्रतळ पाहून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. पैसे घेणारा प्रत्येक माणूस जाणता असतो असे नाही. २०२१ मध्ये राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात जमीन, पाणी व हवा यांवरील साहसी उपक्रम चालविणाऱ्यांनी नोंदणी करावी अशी तरतूद आहे. तेव्हा पहिली गोष्ट ही की नोंदणीविषयी विचारावे. दुसरी, होडीत बसताना प्रत्येकासाठी तरंगजाकीट आहे की नाही हे मोजून पाहावे, आणि ते अंगात घालून बंद बांधावेत. बाकाखाली ठेवलेले जाकीट कोणासही वाचवीत नाही. तिसरी, होडीत किती माणसे बसणार हे निघण्यापूर्वी विचारावे आणि त्याहून एकही अधिक बसू देऊ नये. चौथी, वाटाडा त्याच गावचा आहे काय हे पाहावे. आणि पाचवी, माझ्या मते सर्वांत खरी परीक्षा अशी : त्यास विचारावे, कोणत्या परिस्थितीत तुम्ही आम्हांस नेणार नाही? ज्याच्याजवळ या प्रश्नाचे उत्तर तयार आहे तो खरा वाटाडा. 'काही होत नाही, चला' म्हणणारा नव्हे.

आपल्या बाजूनेही काही कर्तव्ये आहेत. सहलीच्या अंदाजपत्रकात गाडीभाडे असते, जेवण असते, फोटोचे पैसेसुद्धा असतात. वाटाड्याचे मानधन क्वचितच असते. ते डिझेलइतकेच आवश्यक समजून आधीच धरावे, आणि शेवटी घासाघीस करू नये. आपण पाहुण्या व्याख्यात्यास मानधन देतो, शाल-श्रीफळ देतो. सहा तास उन्हात चालून आपणांस डोंगर वाचून दाखविणारा माणूस त्याहून कमी कसा? त्यास 'अरे-तुरे' न करता, वयाप्रमाणे दादा, काका, मावशी म्हणावे, आणि जेवावयास आपल्याच पंगतीत बसवावे. एवढे केले तर तो जे सांगेल ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात नसेल.

आधी घरचा डोंगर

कोणी म्हणेल, हे सारे कोकणासाठी झाले. आम्ही वर्षातून एकदा तिकडे जाणार. तर मग सराव घरीच करावा. मेळघाट हा १९७३-७४ साली स्थापन झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. तेथे जंगलात जाताना वाटाडा बरोबर घ्यावाच लागतो आणि कितीतरी कोरकू तरुण हे काम करतात. गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी कसा घेतला हे पुस्तकात आहे. पण कोणत्या बाजूने तोफा चढविल्या असतील हे तटावर उभे राहून, त्या डोंगरात वाढलेल्या माणसाबरोबर पाहण्यासारखे आहे. अकोल्याकडच्या मित्रांसाठी नरनाळा आहेच. एका रविवारी पंचवीस जणांनी जावे, एक वाटाडा घ्यावा, वहीत टिपणे घ्यावीत. ज्यांना घरच्या डोंगरात वाटाड्याचे ऐकण्याची सवय लागली तेच समुद्रावर त्याचे ऐकतील.

आणि पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी एक योजना सुचवितो. दहा स्थळांऐवजी एकच नदी घ्यावी. पहिला मुक्काम पाचाडला. एक पूर्ण दिवस रायगड, पायऱ्यांनी चढून, वाटाड्याबरोबर. दुसऱ्या दिवशी महाड व चवदार तळे. तेथून हरिहरेश्वर, प्रदक्षिणा ओहोटीच्या वेळी. मग तरीने खाडी ओलांडून वेळासला दोन रात्री, गावातल्या घरांत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी गड टिपावा, भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी खडक व भरती मोजावी, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गावाचे अर्थकारण विचारावे आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी तेथील बोलीतले समुद्राचे शब्द गोळा करावेत. फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ कासवांच्या पिल्लांचा, आणि पावसाचे भय नसलेला. तारीख ठरविताना अष्टमीच्या आसपासची धरावी. म्हणजे समुद्र भांगाचा राहील आणि ओहोटी भर दुपारी, सर्वांच्या सोयीची मिळेल.

यंदा सूचनाफलकावर सहलीचा कागद लागेल तेव्हा त्यावर गाडी सुटण्याची वेळ असेलच. तिच्या खाली आणखी दोन ओळी असाव्यात अशी सहल समितीस विनंती आहे : त्या दिवशीची तिथी व भरतीची वेळ, आणि आपल्याबरोबर येणाऱ्या वाटाड्याचे नाव.